बेडूकवाडीचा दुसरा संच

१

सोमवारी शिरोलीची एमआयडीसी बंद असते, आणि सोमवारी दुपारचं जेवण झालं की मी कार्टून बघतो. पन्नाशी उलटलेल्या माणसानं हे चारचौघांत सांगू नये, असं माझी बायको संयोगिता म्हणते. तिच्या माहेरी कुणी विचारलं तर ती "ते जुन्या फिल्म गोळा करतात" असं सांगून वेळ मारून नेते. फिल्म नाही, कार्टूनच. बोलणारे बेडूक, छत्री घेतलेले उंदीर, सगळं. मला त्याची लाज नाही.

कामावर माझं काम कान लावायचं. फाउंड्रीत साच्यातून निघालेला नग टांगायचा, छोट्या हातोडीनं ठोकायचा आणि ऐकायचं. चांगला नग खणखणीत वाजतो, आत चीर असली की बद्द बोलतो. वर्षानुवर्षं हेच करून मला एक खोड लागली आहे. दोन आवाज सारखे आहेत की वेगळे, हे मला कळतं. नको असलं तरी कळतं.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात, हॉलमध्ये काचेचं कपाट आहे. त्यात माझ्या डीव्हीड्या. कपाटाला तेव्हा कुलूप, आत दमटपणा शोषणाऱ्या पुड्या, दाराच्या फटीला रबराची पट्टी. नियम एकच, प्रत्येक संचाच्या दोन प्रती घ्यायच्या. एक बघायला, एक ठेवायला. ठेवायच्या प्रतीचं प्लास्टिक कधीही फोडायचं नाही. हे ज्याला कळतं तो संग्राहक, आणि ज्याला कळत नाही तो "मग दुसरी मला दे की" म्हणणारा पावणा.

कपाटासमोर अक्काची खुर्ची. अक्का म्हणजे माझी आई. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणत आलो. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. जिचा आवाज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जायचा, ती आता फक्त "हं" म्हणायची. होकारालाही हं, नकारालाही हं. मला एकच हवं होतं. तिनं मला एकदा "उन्म्या" म्हणून हाक मारावी. उन्मेष म्हणणारे पुष्कळ आहेत. उन्म्या म्हणणारी ती एकटीच.

पुढं जे झालं ते मी तक्रार म्हणून सांगत नाही. मला आभार मानायचे आहेत. कुणाचे, ते मात्र अजून नक्की कळलेलं नाही.

२

आमच्या लहानपणी टीव्हीवर 'बेडूकवाडी' लागायचं. चित्रं कुठल्याशा थंड देशात काढलेली, आणि मराठी आवाज आमच्या कोल्हापुरात भरलेले. तळ्याकाठी राहणारी बेडकं, आणि त्यांच्यावर दिवसभर डाफरणारी एक लठ्ठ बदकीण, शेवंताबाई. ती सदा दोरीवर कपडे वाळत घालत असायची. तिचा आवाज माझ्या अक्काचा.

अक्का शाळेत मराठी शिकवायची आणि नाटकात कामं करायची, म्हणून तिला बोलावलं होतं. दिग्दर्शकाला शुद्ध भाषा हवी होती. अक्कानं एकदा शुद्ध बोलून दाखवलं आणि मग म्हणाली, "आता आमच्या गल्लीत बोलत्यात तसं बोलू का?"

"आरं ए बेडक्या, पाय पुसून आत ये की! फरशी आत्ताच पुसलीया न्हवं?"

तेच ठेवलं. शाळेत पोरं मला बेडक्या म्हणायला लागली आणि मी मिरवायला लागलो.

मग ते कार्टून बंद झालं आणि मराठी आवाजाच्या टेपा कुठं गडप झाल्या कुणाला ठाऊक नाही. आम्ही काही वेडे लोक एकमेकांना शोधत गेलो आणि फोनवर आमचा एक ग्रुप झाला. त्यातला माझा जिवाचा माणूस म्हणजे जयसिंगपूरचा दत्तप्रसाद. कापडाचं दुकान आहे, पण गिऱ्हाईक साडी बघत असताना हा ग्रुपवर भांडत असतो. भांडायला कारणंही होती. 'बेडूकवाडी'चा पहिला संच आला तो नुसता हिंदीत. वर जुनं चौकोनी चित्र नव्या टीव्हीच्या मापात बसवायला वरून-खालून कापलेलं. बेडकाचे डोळे असतात डोक्यावर, त्यामुळं सगळ्या वाडीतल्या बेडकांचे डोळे गेले. दत्तप्रसादनं तेव्हा तीन दिवस दाढी केली नव्हती, असं त्याची बायको सांगते.

दुसरा संच दिवाळीला येणार, मग पाडव्याला येणार, मग येणारच नाही. प्रत्येक वेळी आम्ही आशा लावायची आणि तोंडघशी पडायचं. शेवटी पुण्याच्या एका छोट्या कंपनीला मराठी आवाजाची रिळं मिळाली. तिथला माणूस मला फोन करून म्हणाला, "काका, ही शेवंताबाई 'मी आलो, मी गेलो' म्हणते. ती नर आहे का?" मी म्हटलं, "ती कोल्हापूरची आहे." एवढं त्याला पुरलं.

तीन वर्षांनी कुरियर आलं. अक्काची वाचा त्याआधीच गेली होती. पण कान शाबूत होते. तिला तिचाच आवाज ऐकवायचा, एवढ्या एका गोष्टीसाठी मी खोका छातीशी धरून जिना चढलो. एक प्रत फोडली, दुसरी प्लास्टिकसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

३

सोमवारी जेवणं झाल्यावर अक्काला खुर्चीत नीट बसवलं, मांडीवर शाल टाकली. मी तिच्या पुढ्यात जमिनीवर, टीव्हीकडं तोंड करून. आमच्या जागा पहिल्यापासूनच्या ठरलेल्या आहेत, ती मागं आणि मी पुढं.

पडद्यावर तळं आलं. चित्र पूर्ण, बेडकांचे डोळे जागच्या जागी. मी मनातल्या मनात त्या पुण्याच्या माणसाला दंडवत घातला. मग शेवंताबाई आली. आपल्याकडं पाठ करून दोरीवर चादर टाकत होती. आणि ती बोलली.

मी ढसाढसा रडलो. तरण्या अक्काचा तो आवाज, ठसकेबाज, शेवटी जरा हसरा. वळून बघितलं तर अक्काच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. डाव्या हाताच्या बोटांनी तिनं शालीचा काठ गच्च धरला होता.

"ऐकलंस न्हवं अक्का? तूच हाईस की!"

"हं," ती म्हणाली.

एवढ्यावर मी जन्मभर समाधानी राहिलो असतो. दुसऱ्या भागात शेवंताबाईचा एक लांब प्रसंग आहे. बेडकं झोपलेली असतात आणि ती एकटीच कपडे वाळत घालते. तिथं मला तिच्यामागून एक बारीक आवाज यायला लागला. किर्र, टक. किर्र, टक.

तो आमच्या हॉलच्या पंख्याचा आवाज. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर हा पंखा घेतला, आणि पहिल्या उन्हाळ्यापासून तो असाच वाजतो. मला वाटलं, वरचाच ऐकतोय. उठून बटण बंद केलं. पाती थांबली. टीव्हीतलं किर्र, टक चालूच राहिलं.

आवाज भरला तिथंही पंखा असेल, मी स्वतःला म्हटलं. जुने पंखे सगळे कुरकुरतात. पण एकाच साच्यातले दोन नगसुद्धा सारखे वाजत नाहीत, हे मला माहीत आहे. आणि हा पंखा त्या रेकॉर्डिंगनंतर पुष्कळ वर्षांनी घरात आला, हेही मला माहीत आहे. मी बटण पुन्हा चालू केलं. दोन आवाज एकमेकांत असे बसले की एकच उरला. मी खाली बसलो.

४

त्याच प्रसंगात शेवंताबाई चादर झटकत म्हणाली, "दूध उतू चाललंय, बघा की कुणीतरी."

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. "अगंबाई!" संयोगिता ओरडली. "मी आत्ताच तर गॅस बारीक केलता!"

ती पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा मी तिला सांगितलं. आम्ही दोघं खूप हसलो. ती शेवंताबाईला म्हणाली, "उपकार झाले हो बाई तुमचे." योगायोग म्हणजे असाच असतो, आपण लक्षात ठेवतो म्हणून मोठा वाटतो.

संध्याकाळी दत्तप्रसादचा फोन आला. त्यालाही संच मिळाला होता आणि तो भरून आल्यासारखा बोलत होता.

"भावा, अक्कांचा आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला बघ. आपलं सार्थक झालं."

"ते दुधाचं वाक्य लहानपणी होतं का रं? मला आठवत न्हाई."

"कुठलं दुधाचं?"

"ती एकटी कपडे वाळत घालती तवा."

"तिथं ती बोलतच न्हाई की. नुसती बासरी हाय. थांब." त्यानं फोन टीव्हीपाशी नेला. बासरी ऐकू आली, सबंध प्रसंगभर. दुसरं काही नाही.

दत्तप्रसाद आनंदानं ओरडला. "म्हणजे तुझ्याकडं वेगळी छपाई आली! भावा, नशीब काढलंस! आता ती दुसरी प्रत फोड आणि बघ तीत काय हाय."

"फोडणार न्हाई."

"व्हय, ते बी बरोबर हाय," तो आदरानं म्हणाला. संग्राहकाला संग्राहकच समजून घेऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या मी तोच प्रसंग पुन्हा लावला. अक्का खुर्चीतच होती. शेवंताबाईनं पाठमोरीच एक टॉवेल दोरीवर टाकला आणि म्हणाली, "पाय लोंबकाळतोय मगापासनं. उशी तरी द्या की खाली."

मी वळून बघितलं. अक्काचा उजवा पाय पाटावरून घसरून अधांतरी लोंबत होता. सुजून टम्म झाला होता. मी धावत जाऊन उशी आणली आणि पायाखाली सरकवली. अक्कानं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. आनंद झाला होता मला.

५

मी अडाणी नाही. मी तपासून बघितलं. ती डिस्क फाउंड्रीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लावली, नुसती बासरी. घरी अक्का आतल्या खोलीत झोपलेली असताना लावली, तरी बासरी. अक्का खुर्चीत असली की मात्र पंखा ऐकू यायचा, आणि पंख्यामागून ती बोलायची. याला काय म्हणायचं ते मी ठरवलं नाही. मुकी झालेली आई बोलत असेल तर मुलानं कारण विचारत बसावं का?

आणि ती काय मागायची! "खिडकी उघडा की, जीव गुदमरतोय." हे तर तिचं जन्माचं गाऱ्हाणं. कडाक्याच्या थंडीतसुद्धा अक्काला बंद खोली सोसायची नाही. पन्हाळ्याला सहलीला गेलो की ती गाडीच्या सगळ्या काचा खाली करायला लावायची आणि आम्ही कुडकुडायचो. डास येतात म्हणून आम्ही झटक्यानंतर खिडकी लावूनच घेतली होती. तिला काय वाटत असेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एकदा म्हणाली, "डावीकडची दाढ ठणकाय लागलीया." कित्येक दिवस अक्का घास तोंडातून बाहेर काढत होती आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. डॉक्टरांनी बघितलं तर दाढेखाली पू झालेला. एवढं दुखणं तिनं मुकाट सोसलं होतं. दाढ काढल्यावर त्या रात्री तिनं वाटीभर खीर खाल्ली. संयोगितानं देवापाशी दिवा लावला, आणि जाता जाता टीव्हीलाही हळूच नमस्कार केला. मी बघितलं, पण हसलो नाही.

आता सोमवारची वाट कोण बघतो? मी रोज लावायला लागलो. कामावरून आलो की हातपाय धुवायचे, अक्काला खुर्चीत बसवायचं आणि विचारायचं, "काय पायजे अक्का?" मग पुढं तोंड करून बसायचं. उत्तर पुढून यायचं.

६

शेवंताबाई पाठमोरी नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पहिल्या दिवशी तिची पाठ होती, हे मला पक्कं आठवत होतं. आता चोचीचं टोक दिसत होतं. काही दिवसांनी गाल दिसला. मी म्हटलं, मीच नीट बघितलं नसेल. रोज रोज तेच बघून माणसाला काहीही वाटतं.

अक्का मात्र बदलत चालली होती. तिचं "हं" कमी झालं, मग थांबलंच. मी समोर जाऊन उभा राहिलो तरी ती माझ्यातून पलीकडं, टीव्हीकडं बघायची. टीव्ही बंद असायचा. घास ओठाशी नेला की ओठ उघडायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, वय झालं, असं होतं. मी ते धरून बसलो. आणि शेवंताबाईचा आवाज तर दिवसेंदिवस भरदार होत होता.

एका सोमवारी दत्तप्रसाद भडंगाचा पुडा घेऊन आला. खूप दिवस मागं लागला होता, वेगळी छपाई बघू दे म्हणून. अक्काच्या पाया पडला. तिचं लक्षच नव्हतं. मग माझ्या शेजारी मांडी घालून बसला.

प्रसंग सुरू झाला. सुरुवातीला तो लहान पोरासारखा हसत होता. मग त्याचं हसू गेलं. भडंगाचा घास हातातच राहिला.

"उन्मेष," तो हळूच म्हणाला, "माझ्याकडं ही दोन्ही पंखांनी कपडे वाळत घालती."

मी बघितलं. शेवंताबाई डाव्या पंखानं कपडा उचलत होती, डाव्यानंच दोरीवर टाकत होती. उजवा पंख खांद्यापासून खाली लोंबत होता.

दत्तप्रसादनं मागं खुर्चीकडं बघितलं, मग पुन्हा पुढं बघितलं. तो उठला. "ही छपाईतली चूक न्हवं," म्हणाला, आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला. ज्यानं डोळे कापलेल्या बेडकांसाठी दाढी सोडली होती, तो माणूस पुढचा भाग न बघता निघून गेला.

संयोगिता दारात उभी होती. तिनं टीव्ही बंद केला. ती सहसा माझ्यावर आवाज चढवत नाही.

"अहो, रोज त्या बदकाला विचारताय काय पायजे, काय पायजे. अक्कांच्या तोंडाकडं बघून कुणी बोललंय का महिन्याभरात?"

मी चिडलो. "त्यामुळंच दाढ कळली न्हवं?"

"कळली. त्याबद्दल मी जन्मभर पाया पडीन त्या टीव्हीच्या," ती म्हणाली. "पण आता त्या जेवत न्हाईत. त्या तिकडं निघाल्यात, आणि तुम्ही दार उघडून धरलंय."

७

मी आठवडाभर डिस्क लावली नाही. अक्काशी बोलायचा प्रयत्न केला, पण ती बंद पडद्याकडंच बघत राहिली. पाण्याचे दोन चमचे, एवढंच काय ते पोटात. आणि मला एक गोष्ट सुटत नव्हती. इतकं सगळं बोलली, पण शेवंताबाई मला एकदाही उन्म्या म्हणाली नव्हती. एकदा ऐकतो, मग डिस्क कायमची बंद, असं मी सोमवारी दुपारी संयोगिताला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली.

ऊन खिडकीतून हॉलच्या मध्यापर्यंत आलं होतं. गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं. मी पुढं बसलो, अक्का मागं. किर्र, टक. किर्र, टक.

तळं आलं. दोरी आली. दोरीवर एकच मोठी पांढरी चादर होती आणि शेवंताबाई दिसत नव्हती. बासरीही नव्हती. चादर वाऱ्यानं हलत होती आणि तिच्यामागं ऊन होतं, त्यामुळं सावली पडली होती. ती बदकाची नव्हती. खुर्चीत बसलेल्या बाईची होती. एक खांदा उतरलेला.

"उन्म्या."

मी पुढं सरकलो. टीव्हीच्या काचेला हात लावला. "अक्का, बोल की. बोल."

"उन्म्या, तिकडं काय बघतोयस..."

आणि लाइट गेली. पडदा काळा झाला. पंखा मंद होत थांबला. स्कूटरच्या पाण्याचा आवाजही बंद झाला. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"...मी हितं मागं बसलोय की."

आवाज मागून आला. माझे कान मला फसवत नाहीत. तोच आवाज होता, पण त्यात पंखा नव्हता.

मागं माझी आई होती. जिनं मला न्हाऊमाखू घातलं, बेडक्या म्हणणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन जिनं लाडू दिले, ती बाई. आणि मला मान वळवायची भीती वाटली. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. काळ्या काचेत माझं प्रतिबिंब दिसत होतं, त्याच्यामागं खुर्ची दिसत होती. खुर्चीत काही दिसत नव्हतं. उन्हामुळं असेल. मी ते उन्हामुळं असेल असंच धरतो.

"मला त्यात बसवू नगंस बाबा. पुरं आता."

मी वळलो.

अक्का खुर्चीत होती. माझ्याकडं बघत होती, माझ्यातून पलीकडं नाही. ओठ ओले होते, किंचित उघडे, नुकतंच बोलून थांबलेल्या माणसाचे असतात तसे. मी गुडघ्यांवर सरकत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा डावा हात माझ्या केसांत आला.

"हं," ती म्हणाली.

संयोगिता भाताची पेज घेऊन आली. अक्कानं तोंड उघडलं आणि सगळी वाटी संपवली.

८

त्यानंतर आम्ही ती डिस्क लावली नाही. अक्का संक्रांतीनंतरही बरेच दिवस होती. मी तिच्या समोर बसायला शिकलो. तोंडाकडं बघितलं तर कळतं सगळं. पाय अवघडला की भुवई हलते, खिडकी हवी असली की मान तिकडं जाते. एवढं साधं होतं. ते कळायला मला बदकाची मदत लागली, आणि ती मिळाली, याचे उपकार मी विसरणार नाही. एका दुपारी जेवून खुर्चीतच डुलकी लागली आणि ती गेली. खिडकी उघडी होती. मी शेजारीच होतो, तिच्याकडं तोंड करून.

दिवसकार्य झाल्यावर दत्तप्रसाद आला. चहा झाल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि मी फोडलेल्या प्रतीची डिस्क लावली. दुसरा भाग, तो प्रसंग. बासरी वाजत होती. तळं होतं, दोरी होती, दोरीवर कपडे वाळत होते. वाळत घालणारं कुणी नव्हतं. बासरी संपेपर्यंत कुणी आलं नाही.

दत्तप्रसादनं नाक पुसलं. मग म्हणाला, "दुसरी प्रत, भावा. आता तरी फोडून बघ."

मी कुलूप उघडलं. रबराची पट्टी सुटताना चर्र झालं. संच हातात घेतला आणि उजेडात धरला. प्लास्टिक जसंच्या तसं होतं, कुठं टाचणीएवढं भोक नव्हतं. पण आतून ते धुकटलं होतं. थंडीत गाडीच्या बंद काचेवर आतून वाफ धरते तसं. आम्ही बघत होतो तोवर ते धुकं थोडं विरलं. मग पुन्हा धरलं.

दत्तप्रसाद दोन पावलं मागं सरकला.

सवयीनं मी डबीवर नखानं टिचकी मारली आणि कान लावला. प्लास्टिकच्या डबीचा आवाज तो काय असणार. पण बद्द नव्हता. आत चीर नव्हती.

फोडली तर ती बोलेल, हे मला पंख्याच्या आवाजाइतकं पक्कं ठाऊक आहे. उन्म्या म्हणेल. रोज म्हणेल. काही दुपारी माझं नख प्लास्टिकच्या कडेपर्यंत जातं. पण पुरं म्हणाली होती ती, आणि तिनं माझ्याकडं मागितलेलं ते शेवटचं. मी संच जागेवर ठेवतो.

कपाटाला मात्र आता कुलूप नाही. रबराची पट्टी मी काढून टाकली, आणि दार रात्रंदिवस उघडं असतं. धूळ येते, पावसाळ्यात ओल येईल, सगळा संग्रह मातीमोल होईल, असं दत्तप्रसाद फोनवर कळवळून सांगतो. होऊ दे. अक्काला बंद जागेत गुदमरतं.